जिद्दीचं कौतुक पुरे, पगाराचं बोला

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक वाद चालू आहे. दांडिया बाजाराच्या बाजूला आमच्या मंडळाच्या गायनवर्गात वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या एका बाईंची थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला. गेला म्हणजे बोलता येतं, खरखरीत का होईना. पण पंचमाच्या वर सूर लागत नाही आणि लागलेला टिकत नाही. वर्गाच्या चालकांनी त्यांना ‘आता विश्रांती घ्या’ असं कळवलं. विश्रांतीचा अर्थ सगळ्यांना कळला. त्यावर गटात दोन तट पडले. एक तट म्हणतो, कलावंताला थांबायचं कधी ते कळलं पाहिजे, बाईंनी मानाने बाजूला व्हावं. दुसरा तट म्हणतो, थांबायचं कशाला? कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस निकामी झालं होतं, तरी ते गायलेच ना? मग उगवत्या सूर्याची चित्रं, त्यांवर सुविचार, ‘एक दार बंद झालं की’ वगैरे. कुणी सुचवलं की बाईंनी यूट्यूब चॅनल काढावं. कुणी म्हणालं संगीतोपचाराचा कोर्स करावा. एकाने तर बागकाम सुचवलं.

या भांडणात मला दोन्ही बाजू सारख्याच पोकळ वाटतात, कारण दोघांनी प्रश्न बाईंच्या मनावर नेऊन ठेवला आहे. त्यांनी मन घट्ट करून सोडावं, की मन घट्ट करून धरून ठेवावं, एवढाच काय तो मतभेद. माझं म्हणणं वेगळं आहे. आयुष्यभराचं वेड हातातून निसटल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो तो बऱ्याच अंशी मोकळ्या काळाच्या आधारावर. त्या काळात त्याला काही जमत नसतं, काही सुचत नसतं, कमाई तर नसतेच. तरीही त्याच्या जेवणाचा, औषधाचा आणि घरभाड्याचा खर्च कुणीतरी उचलत असतं. ते कुणीतरी कोण, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. जिद्दीची गाणी म्हटली की तो विचारावा लागत नाही, म्हणून तर ती इतक्या उत्साहाने म्हटली जातात.

जिद्द लागते हे मला मान्य आहे. बिछान्याकडे पाठ फिरवायची इच्छाच नसेल तर संस्थान पाठीशी असूनही उपयोग नाही. पण जिद्द पुरेशी असते का? क्रिकेटमधलं एक वर्ष बघा. जुलै १९६१ मध्ये होव्ह इथे मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले. पुढच्या मार्चमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्याने चेंडूचा अंदाज घ्यायला नव्याने शिकलेला हा माणूस आपल्या प्रेरणादायी भाषणांत हमखास येतो. पण ते कर्णधार झाले कशामुळे? बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि त्यांची कवटी फुटली म्हणून. कॉन्ट्रॅक्टर आपल्या शेजारच्या गोध्र्याचे. शस्त्रक्रिया झाल्या, जीव वाचला, डोक्यात धातूची पट्टी बसली. त्यानंतर ते पुन्हा मैदानात उतरले आणि बरीच वर्षं रणजी खेळले. कवटी फुटल्यावर वेगवान गोलंदाजीसमोर परत उभं राहायला जिद्द कमी लागते असं कुणी म्हणेल का? तरी कसोटी संघात त्यांना पुन्हा कधीच घेतलं गेलं नाही. एकाच दौऱ्यावरची दोन जखमी माणसं, दोघांची हिंमत सारखीच. त्यातल्या एकाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, दुसऱ्याची सांगत नाही. ज्यांचं जमलं त्यांचीच उदाहरणं गोळा केली तर जिद्दीचं गणित नेहमी बरोबरच येणार.

आता कुमार गंधर्व. त्यांचं नाव ज्या सहजतेने या वादात फेकलं जातं त्याचा मला राग येतो, कारण त्यांची हकिगत नीट सांगितली तर ती जिद्दवाल्यांच्या विरुद्ध जाते. दहा-अकरा वर्षांचा असताना मैफली गाजवणारा हा मुलगा तेविशीत क्षयाने आडवा झाला. जानेवारी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी त्यांना देवासला आणलं. गायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानंतर सुमारे पाच वर्षं हा गवई गायला नाही. गाऊ नका म्हटल्यावर जिद्दीने गायला असता तर मेला असता, इतकी साधी गोष्ट आहे. त्यांना वाचवलं ते स्ट्रेप्टोमायसिनने. हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सापडलं होतं आणि आपल्याकडे नुकतंच मिळू लागलं होतं. पाच वर्षं आधी आजारी पडले असते तर? त्याच आजाराने, तितक्याच जिद्दीची किती माणसं मिरजेच्या आणि इतर गावांच्या क्षयरोग्यांच्या खाटांवर संपली, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आणि त्या पाच वर्षांत त्यांनी काय केलं? बाहेरून बघणाऱ्याला दिसलं असतं की काहीच करत नाहीत. पडल्या पडल्या ते ऐकत होते. घरावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, नाथपंथी गायकांची निर्गुणी भजनं, गाणाऱ्याच्या श्वासाची तऱ्हा, शब्द कुठे तुटतो आणि कुठे जुळतो ते. पुढे मालवती, लगनगंधार, संजारी यांसारखे राग त्यांनी लोकधुनांतून उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. १९५३ च्या आसपास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा बालगायक म्हणून कौतुक झालेला जुना गवई परत आला नव्हता. लांब दमाच्या ताना गेल्या होत्या, छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची गायकी आली होती. पुष्कळांना ती आवडली नाही, हेही सांगायला हवं. पण माझा मुद्दा त्या पाच वर्षांचा आहे. त्या काळात कुणी त्यांना ‘मग आता पुढे काय?’ असं दर महिन्याला विचारलं असतं, यूट्यूब चॅनलच्या त्या काळातल्या काही अवतारात ढकललं असतं, तर ते ऐकणं झालं असतं का?

ती पाच वर्षं चालवली कुणी? भानुमतींनी. त्या स्वतः गाणं शिकलेल्या होत्या. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तोच त्यांनी आजारी नवऱ्याची शुश्रूषा केली, नोकरी केली, घर ओढलं. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या गेल्या. कुमारांच्या पुनर्जन्माची कथा सांगताना भानुमतींचा उल्लेख एका वाक्यात ‘समर्थ साथ दिली’ असा उरकला जातो. मला ते वाक्य अपुरं वाटतं. एका गायकाला पुन्हा उभं राहायला जो मोकळा काळ मिळाला, त्याची किंमत दुसऱ्या एका गाणाऱ्या माणसाच्या काळातून वसूल झाली. याला मी त्याग म्हणून नमस्कार करायला तयार आहे. पण व्यवस्था म्हणून हे भयंकर आहे. संस्था आणि समाज हात झटकतात तेव्हा हा खर्च घरातल्या कुठल्यातरी बाईच्या खात्यावर पडतो. आणि जिचा आवाज गेला ती स्वतःच घरातली बाई असेल तर? तिच्यासाठी नोकरी धरून, रात्री जागून, पाच वर्षं गप्प बसणारा नवरा किती घरांत सापडेल? आपल्या गायनवर्गातल्या बाईंना आलेल्या सल्ल्यांत ‘आता नातवंडांत रमा’ हा सल्ला सर्वांत जास्त वेळा होता. कुमारांना कुणी असं म्हटलं असतं का?

बडोद्यात राहून दुसरं उदाहरण शोधायला लांब जायला नको. भास्करबुवा बखले बडोदे संस्थानातल्या कठोरचे. मुलगा गोड गळ्याचा म्हणून किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला, स्त्रीभूमिका करू लागला, टाळ्या मिळू लागल्या. मग आवाज फुटला. नाटक कंपनीत आवाज फुटलेल्या पोराची किंमत काय असते हे जुन्या नटांच्या आठवणी वाचल्या की कळतं: काल ज्याच्यासाठी दूध येत होतं त्याला आज कुणी विचारत नाही. भास्करबुवा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे आले आणि मुळापासून गाणं शिकले. पुढे नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशी शिक्षणाची वाट लांबत गेली. फैज महंमद खाँ इथल्या दरबाराचे गायक होते. म्हणजे फुटक्या आवाजाच्या त्या मुलाला ज्या दारात उभं राहता आलं त्या दाराचं तेल-मीठ संस्थानच्या तिजोरीतून येत होतं. ज्या रंगभूमीने त्यांना नाकारलं तिच्याच पदांना पुढे त्यांनी चाली दिल्या, बालगंधर्वांनी त्या गायल्या, आणि महाराष्ट्र अजून त्या गुणगुणतो. जिद्द होतीच. पण दार उघडं होतं, आणि ते फुकट उघडं नव्हतं.

बडोदे संस्थानात कलावंत कारखाना नावाचं खातंच होतं. गवई, वादक, नर्तकी तिथे पगारावर असत आणि हजेरी-रजेचे लेखी नियम असत. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. तीच आज सूरसागर तलावाच्या काठी विद्यापीठाची संगीतशाखा म्हणून उभी आहे. मी संस्थानी काळाचा भक्त नाही. त्या नियमांचा जाच कलावंतांना होत असणार, आणि राजाची मर्जी हा काही हक्क नसतो. पण एक गोष्ट त्या काळाला कळत होती: कला पोसायची तर कलावंताचा वाईट काळही पोसावा लागतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा. गाणं ही गुरुमुखी विद्या आहे. गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायची. ज्या बाईंना तार षड्ज, म्हणजे वरचा सा, दाखवता येत नाही त्यांनी मुलांना तो कसा द्यायचा? पालक फी भरतात, त्यांच्या मुलांनी दयेपोटी बेसूर नक्कल का शिकावी? हा प्रश्न मी झटकणार नाही, कारण अर्धा खरा आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला समोर शुद्ध, तयार सूर लागतो. ते मूल समजून शिकत नाही, उचलून शिकतं. त्याला खरखरीत आवाजाच्या हवाली करणं बरोबर नाही. तो वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावाच लागेल.

पण गाणं शिकणं म्हणजे फक्त उचलणं नाही. सहा-सात वर्षं शिकलेल्या मुलीला काय हवं असतं? तिचा कोमल गंधार कुठे चढा लागतो ते ओळखणारा कान. बंदिशीचा मुखडा समेवर कसा येतो ते अडवून सांगणारं माणूस. ही तान इथे का नको, हे कारणासह सांगणारी अक्कल. यातलं घशात किती असतं? इतिहास काय सांगतो ते पाहा. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दम्याने हैराण होते. त्या दम्यानेच त्यांना मुंबई सोडायला लावली. मिरजेत त्यांच्याकडे शिकायला आला तो विष्णू दिगंबर पलुसकर, ज्याची नजर लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवातल्या दारूकामाने अधू झाली होती, आणि म्हणून शालेय शिक्षण सुटलं होतं. दम्याचा गुरू, अधू डोळ्यांचा शिष्य, आणि मागे मिरज संस्थानचा आश्रय. त्यातून ५ मे १९०१ ला लाहोरचं गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं. आजच्या आपल्या वर्गचालकांनी या दोघांपैकी कुणाला ठेवून घेतलं असतं?

चित्रकलेतलं उदाहरण तर याहून टोकाचं आहे. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची एका डोळ्याची नजर जन्मापासूनच गेलेली, दुसरीही कमजोर. १९५६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तीही गेली. आंधळा चित्रकार: वाद संपायला हवा होता. पण ते कागद कापून चित्रं करू लागले, मातीत आकार घडवू लागले, आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी फरशांचं मोठं भित्तिचित्र केलं. बोटांनी मोजून, चाचपून. मधल्या काळात कलाभवनात ते कलेचा इतिहास शिकवत राहिले, कारण संस्थेने त्यांना शिकवायचं स्थान दिलं. बडोद्याशी याचा संबंध असा की त्यांचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये आपल्या ललित कला विद्याशाखेत आले आणि इथल्या कित्येक पिढ्यांना त्यांनी घडवलं. आंधळ्या माणसाला चित्रकलेच्या संस्थेत ठेवणं कुणाला दया वाटली असेल. तिचा हिशेब मात्र फायद्याचा निघाला.

मग म्हणतील, ही थोर माणसं, आपल्या बाई कुठे. हाच तर मुद्दा आहे. थोर होती हे नंतर कळलं. १९४९ मध्ये देवासच्या खाटेवर पडलेला माणूस पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द त्यालाही नव्हतं. पोसायचा तो काळ, त्यातून काय निघेल याची हमी न मागता. बी पेरून रोज उकरून बघणाऱ्याच्या शेतात काही उगवत नाही. आणि दहातल्या नऊ जणांच्या त्या काळातून थोर काही निघणार नाही, हेही मी आधीच कबूल करतो. त्यांना तो काळ मिळायला नको का?

वैद्यकशास्त्रही इथे वर्गचालकांपेक्षा धीराचं आहे. स्वरयंत्राला जाणारी नस थायरॉईडच्या अगदी पाठीमागून जाते. शस्त्रक्रिया कितीही जपून केली तरी ती कधी कधी दुखावते. मग एका बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो, आवाज फाटतो, श्वास वाया जातो. पण बऱ्याच जणांची ही नस महिन्यांनी का होईना सावरते, म्हणून घशाचे डॉक्टर कायमचा उपाय करण्याआधी साधारण सहा महिने ते वर्षभर वाट बघतात. दरम्यान आवाजाचे व्यायाम चालतात. तेव्हा बाईंचा आवाज गेलाच असं अजून डॉक्टरही म्हणत नाहीत. ते म्हणण्याची घाई गायनवर्गाला झाली.

आणि कायद्याचं काय? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपण वाचलेला नसतो. त्याच्या विसाव्या कलमात सांगितलं आहे की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवायचं. त्याच कायद्याच्या अनुसूचीत स्वरयंत्र काढावं लागल्याने येणारं वाचेचं कायमचं अपंगत्व नाव घेऊन लिहिलं आहे. म्हणजे आपल्या प्रजासत्ताकाने तत्त्व म्हणून हे आधीच मान्य केलं आहे की क्षमता गेली तरी माणूस कामावर राहतो, काम बदलतं. सूरसागरच्या काठावरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाला हे संरक्षण आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मंडळाच्या दोन खोल्यांत मानधनावर शिकवणाऱ्या बाईंना नाही. कायदा तिथवर पोचत नाही म्हणून नीतीही पोचू नये, असं कुठे आहे?

सैन्याला हे कळतं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय निकामी झालेले मुरलीकांत पेटकर मुळात मुष्टियोद्धे, सैन्याची यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या ईएमई दलातले. त्याच दलाचं प्रशिक्षण केंद्र आपल्या फत्तेगंजला आहे. ते पुढे पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावर सिनेमा निघाला, तो आपण सगळ्यांनी पाहिला आणि डोळे पुसले. सैनिकी रुग्णालय, तिथला दीर्घ उपचार, पाण्यात उतरवणारी माणसं: यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

दोन आक्षेप अजून राहिले. पहिला, ढकलणं कधी कधी गरजेचं असतं. मोकळा काळ मोकळा राहिला की माणूस खचतो, पडदे ओढून बसतो. त्याला उठवणारा कुणीतरी हवा. खरं आहे. मीही बघितलं आहे. पण उठवणं आणि ‘नव्याने घडव स्वतःला’ म्हणून मागे लागणं यांत फरक आहे. चहाला बोलावणं, मैफलीला सोबत नेणं, परीक्षेला परीक्षक म्हणून बसवणं, हे उठवणं झालं. गळा गेल्याला आठवडा होत नाही तोच त्याच्या हातात नवा छंद ठेवणं हे आपल्या अस्वस्थतेवरचं औषध आहे. दुःखी माणूस समोर बसलेला आपल्याला सोसत नाही, म्हणून त्याने लवकरात लवकर प्रेरणादायी व्हावं अशी आपली घाई. आणि एखाद्याला काहीच नव्याने करायचं नसेल तर? चाळीस वर्षं गायलं, आता फक्त ऐकायचं, किंवा तेही नको, संध्याकाळी कमाटी बागेत बसायचं. हाही निर्णय पूर्ण आहे. त्याला पराभव म्हणण्याचा अधिकार कुणी दिला?

दुसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादावरचा आहे, आणि तो खरोखर अडचणीचा आहे. मी पगाराच्या गोष्टी करतो, पण बहुतेकांचं वेड पगाराचं नसतंच. बँकेत नोकरी करून आयुष्यभर मल्लखांब केलेला माणूस, गुडघे गेलेला. भरतकामावर जीव असलेली आजी, मोतीबिंदूनंतरही नजर न आलेली. आमच्या बाजूच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका होते. हातात कंप शिरला तेव्हा मंडळाने तरुण पेटीवाला आणला, आणि काका येईनासे झाले. इथे कुणी कुणाचं मानधन बंद केलं नव्हतं. मग माझं म्हणणं इथे कुठे बसतं? इथे खर्च पैशाचा नाही, जागेचा आहे. काकांना पेटीपेक्षा गुरुवारची ती बैठक हवी होती, जिथे त्यांना मान होता. नवा पेटीवाला आल्यावर चाली बसवायला, लय धरायला, चुकलेली ओळ सांगायला त्यांना पुढे बसवलं असतं तर मंडळाचं काय गेलं असतं? कुणाला सुचलं नाही, इतकंच. आपल्या मंडळांत माणूस त्याच्या वाद्यासकट सभासद असतो. वाद्य सुटलं की सभासदत्वही आपोआप सुटतं. हे बदलायला एक रुपया लागत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण शेवटी तो विचारला जाणारच. सयाजीरावांची तिजोरी आता नाही, वर्ग फीवर चालतो, मंडळ वर्गणीवर. मग करायचं काय? मी मंडळाच्या वार्षिक सभेत मांडणार आहे ते असं: डॉक्टर जितका काळ वाट बघतात, निदान तितका काळ बाईंना अर्धं मानधन द्यावं. लहान मुलांचा वर्ग त्यांच्याच एखाद्या तयार विद्यार्थिनीकडे द्यावा, आणि वरच्या मुलामुलींना बाईंनी बंदिशी सांगाव्यात, चुका काढाव्यात, परीक्षेची तयारी करून घ्यावी. त्यांच्याकडे वहीत आणि डोक्यात ज्या जुन्या बंदिशी आहेत त्या स्वरलिपीत उतरवून घ्याव्यात, विद्यार्थिनीकडून गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या कामाचं वेगळं मानधन द्यावं. बाईंना यातलं काहीच नको असेल तर अर्धं मानधन तरीही द्यावं, कुठलीही अट न घालता. खजिनदार विचारतील, ही रक्कम कुठल्या खात्यावर टाकायची. ‘सत्कार समारंभ’ या खात्यावर टाका. शाली, श्रीफळ, सन्मानचिन्हं आणि पाहुण्यांचं जेवण दरवर्षी तिथूनच जातं, आणि त्या खात्यात शिल्लक आहे का, असा प्रश्न आजवर एकाही सभेत कुणी विचारलेला मला आठवत नाही.